टाकीला दिलेला तांबडा रंग

मला राग पटकन येतो. मढच्या आमच्या कोळीवाड्यात हे शेंबडं पोरगंही सांगेल. हे लिहू का, असं बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा, पण स्वतःला वाचवून लिहू नका." म्हणून आधी रागाचंच सांगितलं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. आमच्या नळाला कधी करंगळीएवढी धार, कधी नुसती हवा. विहिरीचं पाणी मचूळ. घरात बाळ येणार आणि पाण्यासाठी दारोदार हंडे घेऊन फिरायचं? मी हट्टालाच पेटलो. पत्र्याला पन्हळ ठोकली, पाइप उतरवला, त्याच्या तोंडाला जाळी बांधली, घरामागे सिमेंटची टाकी बांधली. बायको एवढंच म्हणाली की पन्हळीला उतार कमी वाटतो. झालं, डोकं फिरलं माझं. पन्हळ उपटून अंगणात भिरकावली. मग दोन तासांनी तिच्या म्हणण्याप्रमाणे उतार वाढवून परत बसवली, पण तुझं बरोबर होतं असं काही तिला म्हणालो नाही.

पावसात टाकी भरली, आणि जुलैत आतून शेवाळ धरलं. मासेमारी बंद होती, बोट किनाऱ्यावर ओढलेली, मी तिचा तळ रंगवत होतो. तळाला आम्ही वेगळा तांबडा रंग लावतो. तो लावला की शेवाळ, कालवं, काही चिकटत नाही. अर्धा डबा उरला होता. म्हटलं, झकास! चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा टाकी उपसली, घासली, आणि आतून रंगाचे दोन हात मारले. उघडीप संपून पाऊस लागला तशी टाकी पुन्हा गच्च भरली. शेवाळाचा मागमूस नाही. पाणी उकळून, गाळून माठात जायला लागलं. डिझेल आणि रंगाने माझं नाक कधीच मेलंय, त्यामुळे मी खुशाल प्यायचो. रोज जेवताना विचारायचो, "कसं आहे पाणी?" बायको आणि तोवर माहेरी आलेली मुलगी, दोघी म्हणायच्या, "छान आहे."

आठवडाभराने आमची बोट बांधणारा म्हातारा सुतार सकाळी चहाला आला. मी त्याला कौतुकाने टाकी दाखवली. तो वाकला, आत बघत राहिला.

"हा तळाचा रंग ना रे?"

"हो. बघ, एक ठिपका नाही शेवाळाचा."

"अरे येड्या, विष असतं त्यात, म्हणून नाही लागत! हे पाणी पोटुशी पोर पितेय?"

मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तो रंग लावताना तोंडाला फडकं बांधतो, हात धुतल्याशिवाय घास घेत नाही. किनाऱ्यावर असलेली अक्कल घरात का आली नाही, हे आजही मला कळत नाही.

मुलीला आठवा महिना होता. पावसाळ्यामुळे खाडीवरची फेरीबोट बंद होती, म्हणजे वर्सोव्याला उतरून अंधेरी गाठायचा जवळचा रस्ता गेला. रिक्षा पकडली आणि मालाडकडून वळसा घेत अंधेरीच्या दवाखान्याकडे निघालो. मांडीवर रंगाचा डबा, शेजारी दोघी. रस्त्यात बस आडवी. "अरे भाई, निकाल ना साइड से!" मी रिक्षावाल्यावर खेकसत होतो. मुलगी पोटावर हात ठेवून बाहेर बघत होती. मी तिला दहा वेळा विचारलं, बाळ हलतंय ना? ती नुसती मान हलवायची. वाट लागली, माझ्या हातानेच वाट लागली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरबाईंनी डब्यावरचं सगळं वाचलं. मुलीला विचारलं, "रोज किती ग्लास प्यायचीस?"

मुलगी आईकडे बघायला लागली.

"बोल ना!" मी ओरडलो.

ती दचकली. खाली बघून म्हणाली, "मी नाही प्याले. पहिल्याच दिवशी कसला तरी वास आला. आई शेजारून बाटली भरून आणायची, माझ्या कपाटात लपवायची."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

बायकोने मुलीचा हात धरला. मला त्याचं काही वाटलं नाही तेव्हा. बाळ वाचलं, एवढंच कळलं आणि मी तिथेच खुर्चीत बसून रडलो.

डॉक्टरबाई मात्र आता बायकोकडे बघत होत्या. "आणि तुम्ही?"

"मी प्यायचे."

"वास येत असून?"

"थोडंच," बायको म्हणाली. "हे समोर बसून विचारायचे ना, तेव्हा तेवढं."

डॉक्टरबाईंनी तिची बाही वर करायला सांगितली, आणि तिच्याशी एकटीशी बोलायचंय म्हणत मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.