फलाटावरून उतरलेली बस

माझी मावशी नाकावर माशी बसू देत नाही, आणि माशीलाही तेवढी अक्कल आहे. शहरबसच्या वर्कशॉपमध्ये ती सव्वीस वर्षं सीट शिवते. लाकडी बाकांवर काथ्याच्या गाद्या ठोकण्यापासून सुरुवात. मग रेक्झिन आलं, मग फोम. शहरातला कुठलाही माणूस दाखवा, तो कधी ना कधी माझ्या हातच्या सीटवर बसलाय, असं ती बेधडक सांगते.

नव्या बसची नमुना गाडी तयार झाली की प्रत्येक विभागाच्या जुन्या माणसानं ती पास करायची, ही तिथली रीत. सगळ्यांच्या सह्या झाल्या की तशाच शंभर गाड्या बांधायच्या. यंदा शेवटची सही मावशीची होती, आणि तिनं पेन खाली ठेवलं.

"सीट नीट नाहीत का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सीट झकास आहेत. गाडी फलाटापासून काढा. रस्त्यावर उभी करा."

नमुना गाडी कायम वर्कशॉपातल्या सिमेंटच्या फलाटाला लागून उभी असे. फलाट चांगला नऊ इंच उंच. साहेब, मिस्त्री, रंगारी, सगळे तिथूनच टुणकन आत जात आणि पायरी उत्तम म्हणून माना डोलावत. शहरातल्या एकाही थांब्यावर असला फलाट नव्हता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशीच्याही नाही. आधीच्या दोन मॉडेलांवर तिनं डोळे झाकून सही ठोकली होती.

डोळे उघडले ते माझ्या आईमुळे. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. तिचा एक गुडघा कामातून गेलेला. त्याच आठवड्यात ती मावशीला म्हणाली होती, "ताई, काम जमतंय गं, बसमध्ये चढणं जमत नाही. सोडते आता नोकरी."

"नवी गाडी येईस्तोवर दम धर," मावशी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन नव्या गाडीच्या पायरीपाशी वाकली. पायरी जुन्याइतकीच उंच होती.

बस रस्त्यावर आली. साहेब ऐटीत चढायला गेले. पाय वर पोचला, पण अंग काही उचलेना. धरायला दांडाही नव्हता. मिस्त्रींनी मागून रेटा दिला तेव्हा कुठे साहेब आत पडले. हसायची कुणाची टाप नव्हती. मावशी मात्र हसली.

"आधीच्या गाड्यांना का नाही बोललात?" साहेब तापले.

मावशीचं हसू गेलं. "तेव्हा मीही फलाटावरच उभी होते, साहेब. माझ्या बहिणीचा गुडघा माझ्या सह्यांनी खाल्लाय. तिसरी सही नाही व्हायची."

पायरी पाच इंच खाली आली, दाराच्या दोन्ही बाजूंना दांडे लागले. मग तिनं सही केली, चांगली ठसठशीत.

पहिली नवी बस आमच्या थांब्यावर आली त्या सकाळी आम्ही तिघी होतो. आईनं दांडा धरला, पाय टाकला आणि चढली, अगदी चारचौघींसारखी. तिच्यामागून मी चढले. मावशी खाली उभी राहून ढसाढसा रडत होती.

"बाई, यायचंय का?" कंडक्टरनं दोनदा विचारलं. तिला ऐकूच गेलं नाही. आई खिडकीतून हाका मारेपर्यंत घंटी वाजली, आणि मावशीची बस चुकली.