हातमशीनची मूठ

हिला जाऊन पाच महिने झाले. रडवेलं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो, तर सर्वांत आधी आठवला तो करपलेल्या प्लास्टिकचा वास.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ही गोष्ट. नाशिक रोडच्या एका कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. मी शाळेत ग्रंथपाल. ही घरी ब्लाउज शिवायची. एके दिवशी तिच्या हातमशीनची लाकडी मूठ चिरून तिचे दोन तुकडे झाले. शेजारच्या वहिनींच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, तिचे सहा ब्लाउज शिवायचे होते. उघड्या लोखंडी दांडीला चिंधी गुंडाळून ही चाक फिरवू लागली. दुसऱ्याच दिवशी तळव्याला फोड आला.

"सुताराकडून करून आणते," ती म्हणाली.

"कशाला? मी करतो. प्लास्टिक वितळवून."

प्लास्टिक वितळून पुन्हा घट्ट होतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आणि वाचलं म्हणजे आलं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

"चार दिवस," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी सुतार."

दुधाच्या पिशव्या, फुटकी बादली, साबणाची डबी, तुटके कंगवे असं घरातलं सगळं गोळा केलं. धुऊन दोरीवर वाळवलं, बारीक कापलं आणि रंगाप्रमाणे ढीग लावले. ग्रंथालयाच्या सवयीने प्रत्येक ढिगावर चिठ्ठीही ठेवली.

"रंग जातो का बघताय?" हिने विचारलं. "पांढरे वेगळे भिजवू का?"

मी निळा ढीग घेतला. मागच्या अंगणात स्टोव्ह पेटवला, वर एक टाकाऊ कढई ठेवली. प्लास्टिकचा लगदा झाला की तो बांबूच्या पेरात भरायचा, वर लाकडाचा ठोकळा ठेवून वरवंट्याने दाबायचा आणि निवल्यावर बांबू फोडायचा, अशी माझी योजना.

भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, फोडणी करपली वाटतं!"

"आज यांचा स्वयंपाक आहे," ही आतून ओरडली. "जेवायलाच या!"

मूठ दिसायला सुरेख झाली. मशीनला लावून चाक दोनदा फिरवलं आणि तिचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. मग हिरवी केली, मग पांढरी. त्यांचंही तेच झालं. हिचा दुसरा फोड फुटला होता आणि सहापैकी दोनच ब्लाउज झाले होते.

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या ढिगांपाशी येऊन बसली. एक तुकडा उचलून त्यात तिने अंगठ्याचं नख रोवलं. बाजारात दुधी घेताना रोवायची, अगदी तसंच. बादलीच्या तुकड्यावर नखाची खूण उमटली.

"हा कोवळा." तो एका बाजूला ठेवला.

कंगव्यावर नख घसरलं. वाकवला तसा तो काडकन मोडला.

"हा जून. टाका."

निळं, हिरवं, पांढरं सगळं एकत्र होऊ लागलं तसा मी अस्वस्थ झालो. "अगं, रंग..."

"दुधी रंग बघून शिजतो का?" ती म्हणाली आणि माझ्या चिठ्ठ्या गोळा करून माझ्या हातात दिल्या.

त्या संध्याकाळी नुसत्या कोवळ्या तुकड्यांतून निघालेली मूठ फार कुरूप होती. मळक्या रंगाची, मध्ये निळे ओघळ. पण एकसंध. तापवलेल्या सळईने तिला आरपार भोक पाडलं, कानशीने घासली आणि दांडीवर बसवली. हिने चाक फिरवलं. फिरवतच राहिली. कापड नव्हतं, दोरा नव्हता, नुसतंच.

हळदीच्या आदल्या दिवशी वहिनी ब्लाउज न्यायला आल्या. "ही मूठ कुठून आणलीत हो?"

"यांनी केली," ही म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

मी म्हणालो, "हो, जरा वाचून पाहिलं होतं." पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला मी ती मूठ दाखवत राहिलो. ही चहाचे कप घेऊन यायची आणि ऐकून घ्यायची. नखाबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्यासमोर सांगायला हवं होतं. "पुरे आता, चहा निवतोय," एवढंच म्हणाली असती. पण खूश झाली असती.