आप्पांचा कॉम्प्युटर आणि माझी हिरवी ढाल

आमच्या खासबागेतल्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या सासऱ्यांसाठी. मी हिंडलग्याच्या शाळेत शिकवते, आठवड्यातून चार तास कॉम्प्युटरचे घेते, पण मला काही कोणी घरी कॉम्प्युटर घेऊन दिला नव्हता. आप्पांनी मात्र निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात स्वतः दुकानात जाऊन तो पसंत केला.

आप्पा मूळचे सदलग्याचे. शिक्षण कन्नड शाळेत, घरात बोलणं मराठी, आणि सगळी नोकरी निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत कारकुनाची, तिथल्या वह्या मराठीत. त्यामुळे दोन्ही लिप्या त्यांच्या हाताखालून सारख्याच सराईतपणे निघतात. आमचा भाग सीमेवरचा, सरकारी कागद कन्नडमध्ये येतात. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचायला लागलं की घाम फुटतो. महापालिकेची नोटीस आली, शेताचा उतारा आला, विजेच्या ऑफिसचं पत्र आलं की माणसं आमच्या पायरीवर येऊन बसतात. आप्पा चष्मा लावून वाचतात, मराठीत टाइप करतात आणि छापून हातात देतात. पैसे घेत नाहीत. चहा मात्र स्वतःच्याच घरचा पाजतात, म्हणजे आत्तींना करायला लावतात. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई.

कॉम्प्युटरबरोबर दुकानदाराने वर्षभराच्या अँटीव्हायरसची एक डबी दिली होती. ते वर्ष संपलं आणि पडद्यावर लाल चौकट यायला लागली. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे.’ दर पंधरा मिनिटांनी. आप्पा कुणाच्या तरी घरपट्टीची नोटीस अर्ध्यावर आणायचे की मध्येच ही चौकट.

“पैसे भरून टाक बाई,” आप्पा म्हणाले. “लोकांची कागदं हायत ह्यात. उद्या काय झालं तर त्यांनी माझ्या तोंडाकडं बघायचं काय?”

मी त्यांना नीट समजावलं. वर्गात समजावते तसं, खडू नव्हता एवढंच. म्हटलं, आप्पा, ही विकतची राखण काढून टाकली की कॉम्प्युटरची स्वतःची राखण आपोआप उभी राहते. ती आधीपासून आत असते, तिला वेगळे पैसे लागत नाहीत. घरच्या वापराला तेवढी पुरते. मात्र अपडेट वेळेवर होऊ द्यायचे, नको तिथे क्लिक करायचं नाही, आणि कागदांची एक प्रत दुसरीकडे ठेवायची.

“फुकट?”

“फुकट.”

“फुकट राखण करणारा दारात कशाला बसंल गं? त्याला काय मिळतंय?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं. आप्पांकडे मात्र गोष्ट तयार होती. वखारीत म्हणे एक म्हातारा बिनपगारी झोपायला यायचा. मालकाला वाटायचं, आयता वॉचमन मिळाला. एकदा चोर आले, त्यांनी त्या म्हाताऱ्यालाच उठवलं, किल्ली कुठं टांगलीय ते विचारलं, आणि जाताना त्याच्या अंगावर गोणपाट नीट घालून गेले.

“असलं असतंय फुकटचं,” आप्पा म्हणाले आणि पैसे माझ्या हातावर ठेवले.

इथे माझी बुद्धी फिरली. शाळेच्या मोकळ्या तासाला मी चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये एक मोठी हिरवी ढाल काढली. मध्ये पांढरी बरोबरची खूण. खाली ठळक अक्षरात लिहिलं: ‘संरक्षण चालू आहे. निश्चिंत काम करा.’ घरी येऊन मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकला, कॉम्प्युटरची स्वतःची राखण चालू झाली याची खात्री केली, सगळे अपडेट होऊ दिले, आणि ते चित्र पडद्याचं वॉलपेपर म्हणून लावून टाकलं. आप्पांनी दिलेल्या पैशांची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. लोकांच्या कागदांची प्रत त्यात राहील, असा माझा हिशेब. हिशेब चांगला होता. तोंड चांगलं नव्हतं.

“ही डबी कसली?” आप्पांनी विचारलं.

“अँटीव्हायरसवर फुकट आली,” मी म्हणाले.

आत्ती दारात उभ्या होत्या. त्यांना मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गॅसवर काही नसताना दूध उतू जातंय म्हणत आत गेल्या.

आप्पा खूष झाले. रोज सकाळी अंघोळ करून आले की कॉम्प्युटर चालू करायचे, हिरव्या ढालीकडे बघायचे, खालची ओळ मोठ्याने वाचायचे आणि मगच कामाला लागायचे. लाल चौकट गेली, कॉम्प्युटरही जरा पळायला लागला. “बघ, पैसे भरल्यावर कसं चालतंय,” ते मला म्हणायचे. मी मान डोलवायची. नवरा उद्यमबागेतून कामावरून आला की मी त्याला आजची बातमी सांगायची आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात हसायचो. आता सांगते तर लाज वाटते, पण तेव्हा मजा येत होती हे खोटं कशाला बोलू?

घोटाळा झाला तो आप्पांच्या चांगुलपणामुळे. हार्ड डिस्क फुकट मिळते ही गोष्ट ते एकट्याने कशी ठेवतील? पायरीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती सांगितली. आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. त्यांच्याकडे बेंगळूरच्या मुलाने पाठवलेला जुना कॉम्प्युटर आहे. गुरुजी दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर पैसे घेऊन उभे.

“मलापण एक आण. डिस्कसकट.”

“गुरुजी, स्कीम संपली,” मी म्हणाले.

“कधी?”

“काल.”

गुरुजी असल्या उत्तराने गप्प बसणारे असते तर चाळीस वर्षं पोरांच्या थापा पकडत बसले नसते. ते सरळ आप्पांनी कॉम्प्युटर घेतला त्या दुकानात गेले आणि फुकटची डिस्क मागायला लागले. दुकानदार म्हणाला, अशी स्कीम कुठल्याच कंपनीची नाही. गुरुजी म्हणाले, तू लपवतोयस. दुकानदाराने शेवटी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात जोडले.

रविवारी सकाळी गुरुजी आमच्या पायरीवर. आप्पा, आत्ती, मी, सगळे बाहेरच होतो.

“तुमची सून कुठल्या दुकानात गेलती?” त्यांनी आप्पांनाच विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “ते दुकान… ते आता तिथं नाही.”

“आठवड्यात दुकान उठलं?”

“भाड्याचं होतं.”

आत्तींना चहाचा ठसका लागला. तो थांबेचना. त्यांच्या पाठीवर थापटायच्या निमित्ताने मी आत पळाले. बाहेर आप्पांनी गुरुजींना अजून एक कप दिला आणि विषय घरपट्टीवर नेला. मला वाटलं, सुटले.

मंगळवारी शाळेतून आले तर आप्पा दाराशीच उभे. चेहरा गंभीर.

“पोरी, कॉम्प्युटरला कायतरी झालंय बघ.”

आत जाऊन बघते तर हिरवी ढाल गायब. सगळा पडदा लालभडक, त्यावर काळ्या अक्षरात कन्नडमधल्या पाच-सहा ओळी. माझं माहेर खानापूरकडचं, शिक्षण सगळं मराठीत. कन्नड मी बाजारापुरतं बोलते, वाचताना मात्र एकेक अक्षर जुळवावं लागतं. ‘मने’ म्हणजे घर एवढं लागलं, ‘कळ्ळ’ म्हणजे चोर हेही लागलं. पडदा अडवून पैसे मागणाऱ्या व्हायरसबद्दल मी मुलांना शिकवलं होतं. तो आमच्याच घरी, तोही कन्नडमध्ये!

पहिलं काम म्हणजे इंटरनेटची वायर ओढून काढली. हार्ड डिस्क जोडलेली नव्हती, ती तशीच कपाटात ठेवली. मग पूर्ण तपासणी लावली. ती दोन तास चालली. मी चप्पल न काढता, पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसलेले. लोकांचे उतारे, नोटिसा, सगळं डोळ्यासमोर फिरत होतं. आप्पांनी पैसे दिले होते आणि मी ढालीचं चित्र लावलं होतं. शेजारी बसून आप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, “पैसे भरल्यालं अँटीव्हायरस हाय न्हवं? मग कसं आलं हे?”

तपासणी संपली. एकही व्हायरस नाही. सगळ्या फायली जागच्या जागी उघडत होत्या.

“आप्पा,” मी म्हणाले, “हे काय लिहिलंय तेवढं वाचून सांगता का?”

आप्पांनी हात झटकले, चष्मा पुसला, आणि लोकांच्या नोटिसा वाचतात त्याच आवाजात, एकेक ओळ मराठीत आणून सांगितली:

“सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर घरात एक चोर आहे. सदर चोर हिंडलगा येथे शाळेत शिकवतो. सदर चोराने सासऱ्यास चित्र दाखवून फसविले आहे. तरी सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहून खुलासा करावा. न केल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.”

आतून आत्तींचा हसण्याचा आवाज आला. त्या दोन्हीकडच्या होत्या हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी, मी शाळेत असताना, आप्पा सिटी बसने दुकानात जाऊन आले होते. दुकानदाराने जुन्या डबीवरचा नंबर बघून सांगितलं की पैसे कुणीच, कुठेच भरलेले नाहीत. घरी येऊन त्यांनी ढालीवर माऊस नेला आणि ते नुसतंच चित्र आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मग मंगळवारी दुपारभर बसून त्यांनी स्वतःचं चित्र केलं. रंग कसा भरायचा ते मी घरी शाळेसाठी चित्रं करताना त्यांनी मागे उभं राहून कधीतरी बघितलेलं होतं.

मी हसायला लागले, पण आप्पा हसले नाहीत.

“मला पटलं नसतं, मी भांडलो असतो, ते वेगळं,” ते म्हणाले. “पर चित्र दाखवून गप्प बसवायला मी काय पाळण्यातलं बाळ हाय व्हय?”

चप्पल अजून पायातच होती. मी ती काढून बाहेर ठेवून आले आणि म्हणाले, “चुकलं आप्पा.”

“खुलासा कर मग.”

तेव्हा मी खराखुरा खुलासा केला. कॉम्प्युटरची स्वतःची राखण कुठे दिसते, खरी हिरवी खूण कुठे असते, शेवटची तपासणी कधी झाली ते कसं बघायचं, हे आप्पांच्याच हातात माऊस देऊन दाखवलं. फुकट राखण करणाऱ्याला काय मिळतं, तेही सांगितलं: कॉम्प्युटर घेतानाच त्याचा पगार आपण दिलेला असतो, म्हणून तो फुकट वाटतो. हे आप्पांना एकदम पटलं. म्हणाले, “हेच आधी सांगितलं असतंस तर?” विकतच्या अँटीव्हायरसमध्ये आणखी काही सोयी येतात, त्या ज्यांना हव्यात त्यांनी घ्याव्यात, आपल्याला नोटिसा टाइप करायला नकोत. डिस्कवर प्रत दर शुक्रवारी आप्पांनी स्वतः घ्यायची, एवढं ठरलं. पायरीवर येणाऱ्यांसाठी त्यांनी दोन्ही भाषांत एक कागद छापून लावला: ‘पेन ड्राइव्ह आणू नये. कागद आणावा.’

मग मला गुरुजींकडे माफी मागायला पाठवलं. एकटीला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शिक्षा म्हणून आता माझा कॉम्प्युटर बघ. चालू केल्यावर मी बाजारातून भाजी घेऊन येतो, तरी उघडलेला नसतो.” मी बघितलं. गुरुजींनी भीतीपोटी एकावर एक तीन अँटीव्हायरस घातले होते. तिघंही एकमेकांवर संशय घेत बसलेले, कामाला कुणी नाही. मी तिन्ही काढले, आतली राखण चालू केली. कॉम्प्युटर चालू करून गुरुजी सवयीने भाजीची पिशवी घेऊन निघाले, तोच तो उघडला; त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “आता भाजी कधी आणायची?”

ह्यानंतर बऱ्याच दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी आप्पा अंगणात वाळलेल्या मिरच्यांचे देठ काढत बसले होते. फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर लावून मिरच्यांनी भरलेल्या पाटीशेजारी ठेवला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणत होता की तो कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये भयंकर व्हायरस सापडलाय.

मी हातानेच खुणावलं, ठेवा, ठेवा. आप्पांनी मला हातानेच बस म्हणून खुणावलं.

“अरे बाप रे,” ते फोनमध्ये म्हणाले. “अब क्या करना जी?”

“कम्प्यूटर के सामने बैठिए।”

“बैठेला हूँ,” आप्पा म्हणाले आणि पुढची मिरची उचलली.

“स्क्रीन पर क्या दिख रहा है?”

“सब लाल है।”

“लाल? और कितनी विंडो खुली हैं?”

आप्पांनी घराकडे वळून बघितलं, मोजलं. “दो खिडकी खुली है. एक का कडी बिघडेला है।”

असं पाऊण तास चाललं. त्याने काहीतरी डाउनलोड करायला सांगितलं की आप्पा त्याला थांबायला सांगायचे, चष्मा शोधायचे, पाणी प्यायचे, त्याची जेवणं झाली का विचारायचे. शेवटी तो माणूस ओरडला, शिवी दिली आणि फोन आपटला.

“कंटाळला,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच थोडी निराशा होती. मिरच्यांची निम्मी पाटी अजून शिल्लक होती.