धुतलेल्या शर्टातला फेस

अंबडच्या कंपनीत मी ट्रेनी म्हणून लागले तेव्हा युनिफॉर्म घरी धुवायला बंदी होती. का, तर घरोघरी धुतले की निळा रंग वेगवेगळा होतो, आणि बाहेरचे पाहुणे आले की लाईन एकसारखी दिसत नाही. हे एचआरच्या सरांचं डोकं. म्हणून शर्ट कंपनीच्या लॉन्ड्रीत जायचे आणि पापडासारखे कडक होऊन परत यायचे.

थोड्याच दिवसांत माझी मान, काखा, ब्राचा पट्टा बसतो ती जागा, सगळं लालभडक. नुसती खाज! दोन्ही हात गाडीच्या वायरी जोडण्यात, मग खांद्यानंच मान घासायची. सगळ्याजणी तेच करत होत्या, लांबून बघणाऱ्याला वाटावं नाच बसवतायत. माझ्या शेजारच्या ताई उष्णता झाली म्हणून रोज सब्जा पिऊन यायच्या.

तक्रार केली, तर सरांनी काय करावं? स्वच्छतेवर सेशन ठेवलं. प्रोजेक्टर लावून! पोरंबाळं मोठी झालेल्या बायकांना हा माणूस आंघोळ कशी करायची ते शिकवत होता. मानेला साबण लावा म्हणे. स्वतःचा शर्ट मात्र घरी धुतलेला, मऊसूत. ऑफिसवाल्यांना बंदी नव्हती ना.

इंदिरानगरच्या रूमवर येऊन मी वैतागून लॉन्ड्रीतून आलेला शर्ट बादलीत बुचकळला. आणि फेस! धुतलेल्या शर्टातून! म्हणजे तिकडे नीट खंगाळतच नव्हते, साबणासकट वाळवून वर इस्त्री मारत होते. घोटीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "आधी परमनंट हो, मग काय बोलायचं ते बोल. लय शहाणपणा करू नको." कारण कन्फर्मेशन तोंडावर आलं होतं आणि सही याच सरांची.

पण मला कुठे राहवतंय. दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीतली बादली उचलली, पाणी भरलं आणि सरांच्या केबिनबाहेर, सगळ्यांसमोर, प्लास्टिकमधून काढलेला इस्त्रीचा शर्ट बुडवला. फेस वर आला. सर वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "बघा, कंपनी तुमच्यावर किती साबण खर्च करते."

खरंच असं म्हणाले. आणि आत जाऊन बसले.

त्या दिवसापासून आम्ही सगळ्या घरी जाऊन गुपचूप शर्ट साध्या पाण्यातून काढायला लागलो. रंगबिंग काही बदलला नाही. खाज तेवढी गेली.

कन्फर्मेशनला सरांनी मला समोर बसवलं. तक्रारी बंद झाल्या, हा म्हणे त्यांच्या सेशनचा रिझल्ट. मग पेन हातात खेळवत सांगायला लागले की माझं काम चांगलंय, पण अॅटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे, सॉरी म्हटलं तर सही करतील.

"कशाबद्दल, सर?"

आता आली का सरांची पंचाईत! शर्टाचं नाव काढावं तर फेस कुठून आला तेही बोलावं लागणार. बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद केलं. शेवटी म्हणाले, "ती बादली पॅन्ट्रीची होती. न विचारता घेतलीस तू."

"बादलीबद्दल सॉरी, सर."

त्यांनी झोकात सही केली, आणि जिंकल्यासारखे हसले.