चकलांब्याचा भोंगा

आमच्या दूध संस्थेचा शहादेव कामाला पक्का, पण डोक्याने तिरपागडा. चिलिंग सेंटरची टाकी थंड ठेवणारा प्रोग्राम त्याने लिहिला आणि तो चालवून दाखवायचा सोडून पठ्ठ्या मुद्दाम पाडत बसला! प्रोग्राम मध्येच कोसळला तर भोंगा वाजलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. दुष्काळात शिवारं उघडी पडली होती, घरं दुधावर तगून होती. टाकी तापली तर गावाचं दूध नासणार.

अध्यक्ष मोहनराव वैतागले. "चालतंय ना? मग बंद कसं पडतंय ते कशाला बघतो रं?"

मी संस्थेचा सचिव. मलाही हे रिकामे उद्योगच वाटत होते.

माजलगावच्या सेंटरच्या संगणकावर लिनक्स होतं. तिथे प्रोग्राम पाडला, तो बिघाडाचा आकडा मागे ठेवून लगेच संपला आणि तो आकडा मिळताच भोंग्याने कान किटवले. चकलांब्याला विंडोज. तिथे चाचणीसाठी टाकीत दुधाऐवजी टँकरचं पाणी भरलं, नंतर जनावरांना पाजायच्या अटीवर. प्रोग्राम पाडला. भोंगा गप्प, पाणी तापत चाललेलं.

राखणदार गहिनीनाथने इन्व्हर्टर उतरू नये म्हणून नेहमीप्रमाणे स्क्रीन बंद ठेवली होती. ती लावली तर वर चौकट: प्रोग्राम थांबला आहे, ओके दाबा. ओके दाबेपर्यंत प्रोग्राम संपत नव्हता, आणि तो संपल्याशिवाय भोंग्याला काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी या सेंटरचं उद्घाटन. शहादेव म्हणाला, पुढे ढकला. मोहनराव भडकले.

"बाप ऊसतोडीला गेलता," शहादेव म्हणाला. "आई म्हशींपायी मागं राहिलती. त्यो उसाच्या फडातच पडून मेला, आमाला कुणी सांगितलंच न्हाई. आई त्याची वाट बघत बसलीती."

उद्घाटन मीच पुढे ढकललं. शहादेवने ती चौकट येणारच नाही, प्रोग्राम कोसळला की थेट संपेल अशी सोय केली.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी चकलांब्याला प्रोग्राम खरोखरच कोसळला. भोंगा वाजला. गहिनीनाथ धावला, त्याने हाताने कॉम्प्रेसर चालू केला. दूध वाचलं. तोवर मी आणि शहादेवही पोचलो. शहादेवची आई भिवराबाई रिकामी कॅन घेऊन दारात आली. तिच्या म्हशींचं दूध त्याच टाकीत होतं.

"मेलं का रं तुजं यंत्र?"

"मेलं, आई."

"सांगून मेलं," ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. शहादेव तिच्याजवळ टेकला. भोंगा बंद करायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.