मागच्या मैदानावरची तालीम

आमच्या नर्सिंग कॉलेजात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. समोर त्या नुसत्या 'बाई' आणि पाठीमागे 'तंबूबाई'. इतर शिक्षिका फळ्यावर हृदयाचे कप्पे काढत असायच्या, तेव्हा आमच्या बाई बाह्या दुमडून मागच्या मैदानावर खुंट्या ठोकत असायच्या.

पूर, भूकंप, परक्या मुलखातली मदत छावणी हे सगळं आमच्या पुस्तकात एका धड्यात उरकलेलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर आला. बाईंनी मात्र त्या एका धड्याचं वर्षभराचं काम करून ठेवलं होतं. वीज नसताना जखम कशी धुवायची, सलाईनची बाटली टांगायला काहीच नसेल तर काय करायचं, पाणी पिण्यासारखं आहे की नाही हे कसं ठरवायचं, सगळं त्या हाताने करून घ्यायच्या. सरावाच्या खोलीत एक जुना रबरी पुतळा होता. आम्ही त्याला 'मामा' म्हणायचो. मामांचा डावा हात खांद्यातून निखळलेला होता आणि तो बदलून घ्या म्हणून आम्ही बाईंच्या मागे लागायचो.

"असू दे," बाई म्हणायच्या. "भूकंपात काय सगळे धडधाकट पेशंट येणार आहेत?"

तरुणपणी त्या स्वतः परदेशात भूकंपानंतरच्या छावणीत काम करून आल्या होत्या. त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. एकच गोष्ट प्रत्येक बॅचला सांगायच्या. तिथे पोचल्यावर सुरुवातीचे दिवस त्यांनी धड जेवण घेतलं नाही की पाठ टेकली नाही. समोर माणसं कण्हत असताना घास घशाखाली उतरेना. मग एका सकाळी पट्टी बांधता बांधता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या मटकन खाली बसल्या. तिथली एक वयस्कर नर्स, जिचं स्वतःचं घर पडलेलं होतं, ती आली. तिने त्यांना दंडाला धरून तंबूमागे नेलं, हातात पाव ठेवला आणि तो संपेपर्यंत समोरून हलली नाही.

"दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती," बाई सांगायच्या. "पण आईनंतर मला इतकं कुणी रागावलेलं नाही."

म्हणून वर्षातून एकदा मैदानावर खोटी छावणी उभारून व्हायच्या त्या तालमीत दुपारी शिट्टी वाजली की हातातलं काम जोडीदाराकडे सोपवून जेवायला बसायचं, हा नियम होता. आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी एकदा 'एवढं संपवते' म्हणून काम करत राहिली, तर बाईंनी तिला उरलेला दिवस स्ट्रेचरवर पेशंट म्हणून झोपवून ठेवलं.

तालमीची खरी गंमत म्हणजे काका, बाईंचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, झुबकेदार मिशांचे. तालमीत ते परदेशी पेशंट व्हायचे. दर वर्षी स्वतःची नवी भाषा बनवून यायचे आणि काही केल्या ती सोडायचे नाहीत. माझी पाळी आली तेव्हा ते तंबूत झोपून "लुमा, लुमा" म्हणत विव्हळत होते. कुठे दुखतंय, काय होतंय, असं मी आपल्याच भाषेत विचारत राहिले, दर वेळी जरा मोठ्याने.

मागून बाई शांतपणे म्हणाल्या, "ते बहिरे नाहीत. परके आहेत."

मग मी गुडघ्यांवर बसले. आधी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग छातीवर, मग पोटावर. काका दर वेळी मान हलवून नाही म्हणायचे. पायाशी आले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. बूट काढला तर आत चांगला बोराएवढा खडा. सकाळपासून तो बुटात घालून ते लंगडत फिरले होते. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कातडं सोलवटलं की खरंच. नाटकाला काही मर्यादा?"

मी शेवटच्या वर्षाला असताना काकांना अर्धांगाचा झटका आला. आमच्याच रुग्णालयात त्यांना आणलं आणि त्या वॉर्डात माझी ड्यूटी होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, शब्दही होते, पण मनात एक असायचं आणि तोंडातून दुसरंच निघायचं. त्या दिवशी ते सारखं "खिडकी, खिडकी" म्हणत होते. बाईंनी खिडकी उघडली, लावली, परत उघडली. काका आणखी चिडले.

"अहो, नीट सांगा ना. काय हवंय तुम्हाला?" बाईंचा आवाज चढत गेला. इतक्या मुलामुलींना तयार करणाऱ्या बाई, पण त्या वेळी त्यांनी पार हातपाय गाळले होते.

मला बोलायचा धीर होत नव्हता. तरी म्हटलं, "बाई, मी बघू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवून जागा दिली. मी काकांच्या उशाशी बसले आणि माझ्या कपाळापासून सुरुवात केली. डोळ्यांपाशी हात येताच त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. चष्मा. धावपळीत तो घरीच राहिला होता. शेजाऱ्यांनी आणून दिला, मी तो काकांना लावला, तेव्हा ते पहिल्यांदा कुणाकडे वळले असतील तर बाईंकडे. खूप वेळ बघत राहिले. बाई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

त्या वर्षी तालीम घ्यायची नाही, असं बाईंनी ठरवलं. हे कानावर गेल्यावर काका दिवसभर रुसून बसले. मग डाव्या हाताने त्यांनी कागदावर वेडावाकडा तंबू काढला. तंबूत आडवा माणूस आणि त्याला झुबकेदार मिशा.

तालमीच्या सकाळी बाईंनी मुलांना रांगेत उभं केलं. "यंदा काका नाटक करणार नाहीत. त्यांना खरंच बोलता येत नाही. त्यांना काय हवंय ते तुम्ही शोधायचं." मुलं बावरली होती. आत जाणारा पहिला मुलगा तर दाराशीच घुटमळला. काकांनी त्याला डाव्या हाताने आत बोलावलं. दुपारपर्यंत त्यांना पाणी हवं होतं, पाठीमागे उशी हवी होती, एका मुलीने आपले मोकळे केस बांधायला हवे होते, हे सगळं मुलांनी शोधून काढलं. काका दमले, पण इतके खूश मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पुढे दोन-तीन वर्षं ते असेच येत राहिले आणि मग गेले.

मी नंतर पुराच्या आणि भूकंपाच्या छावण्यांवर गेले, परदेशातही गेले. परक्या माणसाच्या उशाशी बसले की माझा हात आपसूक आधी स्वतःच्या कपाळावर जातो. बरोबरचे लोक विचारतात, ही कुठली पद्धत. मी सांगते, आमच्या कॉलेजची.

मागच्या मैदानावर आता नवी इमारत उभी आहे. श्वास घेणारे, घाम येणारे, बटण दाबलं की चार भाषांत कण्हणारे पुतळे तिथे आहेत. गेल्या महिन्यात मी बाईंना ते बघायला घेऊन गेले. त्यांनी एकेक बटण लहान मुलासारखं दाबून पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या. "ह्यांना बघायला मिळायला हवं होतं."

बाहेर पडताना जिन्यात एक विद्यार्थिनी भेटली. काही दिवसांनी ती मदत पथकाबरोबर पहिल्यांदा परदेशी जाणार होती. तिने जरा अडखळत विचारलं, "बाई, तिकडे गेल्यावर भीती वाटते का हो?"

"वाटते की," बाई म्हणाल्या. "घरी कोण कोण असतं तुझ्या?"

आई आणि धाकटा भाऊ, ती म्हणाली. बाई तिचा हात धरून पायरीवर बसल्या आणि भाऊ कितवीत आहे, आई काय म्हणते, असं विचारत राहिल्या. मी बाहेर जाऊन गाडीचं दार उघडून उन्हात उभी राहिले. मला काही घाई नव्हती.