भिंतीपलीकडची चूल

शहरातल्या द्वारका चौकातून सकाळची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत टेप, वही आणि दोन दशम्या होत्या. सोबत कोणी नव्हतं, हल्ली नसतंच. सायखेड्याला जाणाऱ्यांनी चांदोरीला उतरावं, तिथेच चहा घ्यावा आणि गोदावरीचा पूल पायी ओलांडावा. पुलावर थांबून मी गंगामाईला हात जोडले.

काम छोटं होतं. गोबरगॅसमुळे हवा तापवणारा वायू किती कमी झाला, हे मोजायचं असतं. त्याआधी कुठवर मोजायचं, ते ठरवायला मी चाललो होतो. कागदावर त्याला 'हद्द' म्हटलं होतं.

सायखेड्यात गोबरगॅसची टाकी बसवलेल्या पारूबाईंच्या अंगणात टेप उलगडत मी म्हणालो, "हद्द आखायचीय." तिथेच चुकलं.

"मोजणीवाले का तुम्ही? वाटणी झालीय आमची. दिराची भिंत हाय ती, हात लावू नका!"

"जमीन नाही मावशी, धूर मोजायचाय."

"मंग टेप कशाला? घमेलं आणायचं ना!" त्या हसल्या.

स्वयंपाकघरात निळी ज्योत होती. माझी आकृती पुरी होत आली, तेवढ्यात भिंतीवरून धूर आला.

"जाऊबाई हाय, कमळ. बाभळीची लाकडं जाळती."

"आधीपासून?"

"नाय. आधी माझ्या गोठ्यातलं शेण नेऊन गवऱ्या थापायची. आता सगळं शेण टाकीत जातं ना."

माझी पेन्सिल थांबली. हद्द भिंतीपाशी आखली, तर पारूबाईंचा आकडा छान दिसत होता. पलीकडे नेली, तर वाचलेल्या धुरातून कमळबाईंचा धूर वजा करावा लागणार होता. मी ते तसंच सांगितलं.

"मंग माझी टाकी काढून नेणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

त्या बराच वेळ शेगडी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्या तिला हद्दीत. बोलत नाय आम्ही दोन वर्सं. पण तिचा धूर माझ्याच डोळ्यात येतो." आणि भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, "कमळे, चहा टाकलाय गं!"

पलीकडून खोकला तेवढा आला.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. संध्याकाळी खोलीवर दिवा लावला, एक कप चहा केला आणि दोन्ही चुलींना धरून रेघ ओढली.

मग उगाच मागच्या पानावर गावच्या आमच्या घराची आकृती काढली. तिथेही भिंत आहे, पलीकडे धाकटा भाऊ राहतो. अलीकडचं सगळं आठवलं: तुळस, रांजण, देव्हारा. पलीकडे चूल कुठल्या कोपऱ्यात आहे, ते मात्र आठवेना.